वाटणातले दाणे

ती बाई वाचली, हे आधीच सांगतो. पुढचं वाचताना कुणाला तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावून बसावं लागू नये. मी जे लिहितो आहे ते तिच्याबद्दल थोडं आणि एका स्वयंपाक करणाऱ्या मावशींबद्दल जास्त आहे. त्यांच्या हाताचं नाव होतं. ते मी घालवलं. कसं घालवलं ते क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो.

मी तळेगावात शाळेत मराठी शिकवतो. घोरावाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. शब्दांची हौस मला पहिल्यापासून. कुणी जुना शब्द वापरला की मी खिशातून कागद काढणार, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पाठ झालेलं. माझ्या एका शाळासोबत्यानं लोणावळ्याच्या तुंगार्लीत बंगला घेतला आणि शनिवार-रविवार तो पाहुण्यांना जेवणासकट द्यायला सुरुवात केली. 'अस्सल गावरान जेवण' अशी पाटी फाटकावर. व्हरांड्यात पाटा-वरवंटा मांडून ठेवलेला, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. वाटायचं काम आत मिक्सरवर चालायचं.

एकदा त्याचा फोन आला. "अरे, आमच्या पाहुण्यांना कालवण म्हणजे काय तेच कळत नाही. परवा एकानं हुलग्याचं माडगं मागवलं आणि गोड का नाही म्हणून भांडला. तू एक छोटी पुस्तिका करून दे. शब्द, त्याचा अर्थ, त्यात काय काय पडतं. टेबलाटेबलावर ठेवतो. वर तुझं नाव छापू."

त्या शेवटच्या वाक्यानं मी किती फुललो ते आता लिहायलाही संकोच वाटतो. पन्नाशीला आलेला माणूस, नावावर एकही पुस्तक नाही. बारा पानांची पुस्तिका का होईना.

पुढचे चार रविवार मी घोरावाडीहून लोणावळ्याची लोकल पकडून तुंगार्लीला जात राहिलो. स्वयंपाक करणाऱ्या मावशी परंदवडीच्या. साठीच्या आसपास, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. गावात लग्न असो की सप्ताहाची पंगत, शंभर-दोनशे माणसांच्या कालवणाला हात त्यांचाच लागायचा. नवरा वारला, मुलगा कंपनीत पाळीनं काम करणारा, सून घर बघणारी. शुक्रवारी त्या लोकलनं यायच्या, सोमवारी परत जायच्या. मी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसायचो, त्या ओट्यापाशी उभ्या.

"मावशी, कालवण म्हणजे काय?"

"आता काय सांगू! तुमी घरी खाता न्हवं?"

"खातो. पण अर्थ सांगा."

"जेच्यात भाकर बुडती ते कालवण. भाकर जे उचलून धरती ते कोरड्यास." मग माझ्याकडे बघून, "लिवा की. बगत काय बसलात?"

"आळण?"

"डाळीचं पीठ पान्यात कालवायचं आन् भाजीत सोडायचं."

"कधी सोडायचं?"

"पावणं वाढलं की." आणि त्या हसायच्या. हसताना पदर तोंडाला लावायच्या नाहीत, हे मला आवडायचं.

एकदा मी नमुना म्हणून लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात 'चवीपुरते मीठ' असं होतं. त्या थांबल्या. "कुनाच्या चवीपुरतं? सासऱ्याच्या का नवऱ्याच्या? आमच्या घरी दोगांची तोंडं दोन दिशंला हुती." मी ते काही पुस्तिकेत घेतलं नाही. आज वाटतं, तेवढं एक घेतलं असतं तरी ती पुस्तिका खरी झाली असती.

तिसऱ्या रविवारी वाटणाचा विषय निघाला.

"वाटान म्हंजी आसं यकच न्हाई, सर. घरात काय हाय त्येच्यावर हाय. खोबरं आसलं तर खोबरं. कमी पडलं तर दानं. आमच्या सासूबाई दोनी नसलं की शिळी भाकर भाजून वाटायच्या. दाटपना यायला पायजे. पानी पानी कालवान कोन खातंय?"

"आणि इथं कशाचं करता?"

"हितं दोनी. खोबऱ्यानं वास येतो, दान्यानं अंग धरतं. मूठभर दानं भाजून घालती मी. त्येच्याबिगर रस्सा फाटल्यावानी दिसतो. लिवलं का?"

लिहिलं. माझ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलं: 'भाजलेला कांदा, सुके खोबरे, मूठभर शेंगदाणे, लसूण, कोथिंबीर.' त्यांनी सांगितलं त्याच क्रमानं.

घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी पक्की प्रत करायला घेतली. वाटणाच्या ओळीपाशी आलो आणि मी 'मूठभर शेंगदाणे' वर काट मारली. तिथे 'तीळ' लिहिलं. तीळ त्या घालत होत्या की नाही मला माहीत नव्हतं. 'सुके खोबरे' च्या शेजारी 'तीळ' शोभून दिसले.

का खोडलं? यावर मी इतक्या वेळा विचार केला आहे की आता खरं कारण आणि मी बनवलेलं कारण वेगळं काढायला मला जपून लिहावं लागतं. बनवलेलं कारण असं: आमच्या घरात दाण्याचा कूट हा कुणी जिन्नस म्हणून मोजतच नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला कूट. बायकोला विचारलं, भाजीत काय घातलंस, तर ती म्हणेल, काही नाही, तिखट-मीठ. कूट त्या 'काही नाही' मध्ये येतो. त्यातून आमच्या या भागात तर लोणावळ्याच्या प्रत्येक दुसऱ्या दुकानात दाण्याची चिक्की रचलेली. दाणे कुणाला मारू शकतात हे आम्हाला सुचणार कसं? हे सगळं खरं आहे. पण त्यासाठी खोडलं नाही.

खोडलं ते लाज वाटली म्हणून. खोबरं कमी पडलं की दाणे, हे वाक्य डोक्यात राहिलं होतं. मुंबईहून येणारी माणसं ते वाचून म्हणतील, रस्सा दाट करायला दाणे घालतात म्हणजे भरती केली. माझं नाव असलेल्या पुस्तिकेत मला गरीब घरचं वाटण नको होतं. खानदानी हवं होतं. ज्या बाईकडून मी शब्द घेत होतो तिची परिस्थिती मी त्या शब्दातून पुसून टाकली, आणि याला मी शुद्धलेखन समजत होतो.

पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर वरवंट्याचा फोटो, खाली माझं नाव. मावशींनी हात पदराला पुसून ती दोन्ही हातांनी घेतली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, पण चष्मा नव्हता. "वाचून दावा की, सर." मी कालवण वाचलं, कोरड्यास वाचलं, आळण वाचलं. स्वतःचेच शब्द ऐकून त्या मान हलवत राहिल्या. "माजंच हाय की समदं," म्हणाल्या. "वाटनाचं?" मी म्हणालो, "ते पण आहे, तुम्ही सांगितलं तसंच," आणि पुस्तिका मिटली.

त्या पावसाळ्यातला एक शनिवार. बंगल्याच्या मालकानं, म्हणजे माझ्या त्या शाळासोबत्यानं, मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. पुस्तिका पाहुण्यांना आवडत होती आणि तिचा लेखक टेबलापाशी हजर आहे हे त्याला मिरवायचं होतं. मलाही मिरवायचं होतं. दुपारी मुक्कामाला आलेलं एक जोडपं जेवायला बसलं. बाई पस्तिशीच्या, नवरा थोडा मोठा. मालकानं ओळख करून दिली, "हेच ते सर. यांनीच सगळं लिहिलंय."

बाईंनी पुस्तिका खरोखर वाचली होती. एकेक पान. ताटातली लसणाची चटणी त्यांनी वाटीसकट बाजूला काढून ठेवली. काकडीची कोशिंबीर नवऱ्याच्या ताटात सरकवली. मग कोंबडीच्या रश्श्याकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं.

"सर, मला दाणे अजिबात चालत नाहीत. वाटणात तुम्ही खोबरं आणि तीळ लिहिलंय. दाणे नाहीत ना यात?"

स्वयंपाकघर तिथून पंधरा पावलांवर. आत मिक्सर चालू होता. मी उठून दारातून नुसतं विचारलं असतं, "मावशी, आज दाणे घातलेत का?" तर उत्तर मिळालं असतं.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "नाही हो. लिहिलंय तेवढंच. मी स्वतः समोर बसून लिहून घेतलंय."

त्या क्षणी मला खोडलेली ओळ आठवली होती का? तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नव्हती आठवली. आठवली होती. पण 'चालत नाही' हे मी कुणाला वांगं चालत नाही, कुणाला हरभरा चालत नाही, तसं धरलं. पित्त होईल फार तर, असं वाटलं. आणि नुकतंच माझ्या पुस्तिकेचं कौतुक केलेल्या बाईपुढे, अहो, तिथं मी थोडं बदललंय, असं म्हणणं मला जमलं नाही.

त्यांनी भाकरी बुडवून तीन-चार घास खाल्ले. छान आहे म्हणाल्या. मग खोकल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा खोकल्या, आणि गळ्याला हात लावला. ओठ सुजायला लागला तो आम्हाला समोर बसून दिसत होता. गालांवर, मानेवर लाल गांधी उठल्या. नवरा खुर्ची मागे ढकलून उभा राहिला.

"यात दाणे आहेत का? कुणीतरी सांगा, आहेत का दाणे?"

मिक्सर बंद झाला होता. मावशी हातातल्या पळीसकट बाहेर आल्या. "हायेत की. वाटनात हायेत," असं त्या सहज म्हणाल्या. आपण काही लपवतो आहोत असं वाटायचं त्यांना कारणच नव्हतं.

नवऱ्यानं बॅगेतून गोळी काढली. बाईंना ती गिळता येईना. मालकानं गाडी काढली, दोघांनी धरून त्यांना मागे बसवलं. पण शनिवारची दुपार. धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरून गेलेला. नंतर मालकानं सांगितलं, बाजाराच्या अलीकडे गाडी पाऊणएक तास मुंगीच्या पावलानं चालली होती, नवरा उतरून पुढे पळत लोकांना गाड्या बाजूला घ्यायला सांगत होता, आणि काचा खाली करून आत मोठ्यानं गाणी लावलेली माणसं त्याच्याकडे दारू प्यायल्यासारखं बघत होती. दवाखान्यात नेईपर्यंत त्यांचा श्वास अडकायला लागला होता. नळी घालावी लागली. तिथून पुण्याला हलवलं.

बंगल्यावर मी आणि मावशी दोघंच उरलो. ताटं तशीच होती. त्या खाली पायरीवर बसल्या.

"सर, दान्यानं आसं हुतं व्हय कुनाला?"

"होतं कुणाकुणाला."

"मला म्हाईत न्हवतं बगा. मला कुनी ईचारलं बी न्हाई. ईचारलं आसतं तर सांगितलं आसतं की." मग त्या म्हणाल्या, "पन पुस्तकात तर हाय. वाचून बी खाल्लं व्हय तिनं?"

मी ताटं गोळा करायला लागलो. माझ्या हातून ताटं काढून घेत त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या. तुमी कशाला करताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा सामान न्यायला आला. मीही गेलो होतो. मालकानं बोलावलं होतं, आणि न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. नवरा रात्रभर झोपलेला नव्हता, दाढी वाढलेली, डोळे लाल. हातात मोबाईल, व्हिडिओ चालू केलेला.

"ही पुस्तिका. यात दाणे लिहिलेले नाहीत. माझी बायको वाचून जेवली. आता सांगा, कुणी घातले?"

"मी घातलं," मावशी म्हणाल्या. "नेहमीच घालती. मी सरांना सांगितलं हुतं, मूठभर दानं घालती म्हनून. त्यांनी लिवून घेतलं. ईचारा त्यांना."

मालक माझ्याकडे वळला. नवरा वळला. मोबाईल मात्र मावशींच्या चेहऱ्यावरच धरलेला राहिला.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

सरळ 'नाही' म्हणायला लागलं असतं तर कदाचित मी कचरलो असतो. 'आठवत नाही' हे सुटसुटीत होतं. त्यात खोटं पकडता येत नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख न दाखवता पुढे निघून जावं, तेव्हा बघतात तसं पाहिलं.

"आठवत न्हाई व्हय?" एवढंच म्हणाल्या.

"मावशी, पुस्तकात आहे तसंच करायचं असं तुम्हाला सांगायला हवं होतं मी," मालक म्हणाला. ते त्यानं नवऱ्याला ऐकवण्यासाठी म्हटलं होतं. मग मावशींना, "तुम्ही आता नका येऊ."

त्यांनी आतून पिशवी आणली. पिशवीत एक पातळ, एक डबा. फाटकातून बाहेर पडताना वळून बघितलं नाही. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा त्या फलाटाच्या टोकाला बाकावर बसलेल्या दिसल्या. गाडी लागली, त्या चढल्या. मी जिन्याच्या आड उभा राहिलो आणि ती गाडी जाऊ दिली. पुढच्या लोकलला बराच वेळ होता. तो वेळ मी तिथंच काढला.

बाई चार दिवसांनी शुद्धीवर नीट आल्या, आठवड्याभरानं घरी गेल्या. नवऱ्यानं पोलिसात तक्रार केली नाही. त्यानं तो व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत मावळातल्या गावागावांच्या ग्रुपांवर तो फिरला. माझ्या मोबाईलवरही आला, आमच्याच शाळेतल्या एकाकडून, खाली लिहिलेलं: 'बाहेर जेवताना सांभाळा.' त्यात मावशींचा चेहरा आहे, अगदी जवळून. माझा चेहरा नाही. फक्त आवाज आहे, 'मला आठवत नाही.' शिक्षकांच्या खोलीत कुणी तो ओळखला नाही.

यानंतर मी काही केलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तीन वर्षं काही केलं नाही, याचा अर्थ रोज काही न करणं असा असतो. घरी बायकोला सांगितलं नाही. जेवताना कूट घातलेली भाजी आली की मी मुकाट जेवायचो.

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून स्वयंपाकातले दहा शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून आणा. हौस सुटत नाही माणसाची. सगळ्यांनी काही ना काही आणलं. एका मुलीची वही कोरी होती.

"का गं?"

"आईला येळ नव्हता."

"आजी आहे ना घरी?"

"आजीला स्वयंपाकाचं काही विचारायचं नाही, असं आईनं सांगितलंय."

"असं का?"

मुलगी वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. शेजारची म्हणाली, "सर, तिच्या आजीनं लोणावळ्यात एका बाईला जेवणातून काहीतरी घातलं होतं. परंदवडीत सगळ्यांना माहितेय." आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मी त्या मुलीला खाली बसायला सांगितलं. फळ्याकडे वळलो. खडू हातात होता, काय लिहायचं ते सुचेना.

रविवारी परंदवडीला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर मावशी सुपात इंद्रायणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आता चष्मा आला होता. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या, सर," म्हणाल्या. "सुनबाई, पावणं आल्यात. पानी आन." आणि पुन्हा सुपाकडे बघायला लागल्या.

सून पाणी घेऊन आली. तिशीतली, कपाळाला घाम, हाताला पीठ. मी पाणी घेतलं आणि त्यांच्यासमोर ओट्याच्या कडेवर बसलो. सांगायचं ते मी वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. त्यातलं काही तोंडात आलं नाही.

"मावशी, तुम्ही मला दाणे सांगितले होते. मी लिहूनही घेतले होते. नंतर मीच खोडले. त्या दिवशी मला सगळं आठवत होतं."

त्या एक खडा वेचून अंगणात टाकत म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मला ठावं न्हाई व्हय?" मग हनुवटीनं सुनेकडे दाखवलं. "तिला सांगा. चुलीपाशी ती जाऊ देत न्हाई. पोरीचा डबा मी भरला की ती उकिरड्यावर वतती. गावात सप्ता हुतो तर मला पंगतीत वाढायला बी बोलवत न्हाईत. तिला सांगा."

मी सुनेला सांगितलं. पहिल्यापासून, पुस्तिका, वाटण, टेबलावरचा प्रश्न, सगळं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"आन् तुमी शाळंत शिकवता?" ती म्हणाली.

"हो."

"माजी पोरगी तुमच्याच वर्गात हाय."

"हो."

"काय शिकवता तिला?" मग सासूकडे न बघता, "पन दानं तर घातलंच हुतं ना आत्यांनी?"

"घातले होते. त्यात चूक नव्हती. विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. लपवलं मी."

"हे तुमी आज सांगताय. उद्या कोन ईचारायला आलं की म्हनाल, आठवत न्हाई."

मी म्हणालो, "मी लिहून देतो. सही करून देतो. पाहिजे तर आत्ता."

मावशी हसल्या. तीन वर्षांपूर्वी हसायच्या तशा नाही. "लिवून नगं. तुमचं लिवलेलं लय बगितलं."

सुनेनं कमरेचा मोबाईल काढला. पीठ लागलेल्या बोटानं तो सुरू केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "ह्यात बोला. तवा जसं आत्यांचं तोंड धरलं हुतं तसं. नाव सांगा, शाळा सांगा, आन् बोला."

शाळेचं नाव घ्यायचं होतं. निवृत्तीला आठ वर्षं. संस्थेचे लोक. बायकोला अजून सांगितलेलं नाही. हे सगळं त्या दोन-तीन क्षणांत डोक्यातून गेलं, आणि मी गप्प आहे हे त्या दोघी बघत होत्या. मावशींचा हात सुपात थांबला होता.

मी बोललो. नाव, शाळा, खोडलेली ओळ, सगळं सांगितलं. सुनेनं मोबाईल हलवला नाही. बोलून झाल्यावर तिनं ते सगळं पुन्हा लावून ऐकलं, मान खाली घालून. मग म्हणाली, "ह्यांना दावती. ह्ये दुसऱ्या पाळीला गेल्यात. मग काय ते बगू."

मावशी सूप बाजूला ठेवून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेल्या. आत चुलीच्या जागी गॅसची शेगडी, तिच्यावर पातेलं. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. सून दारातून बाजूला झाली नाही.

"आत्या, बसा तुमी," ती म्हणाली. तोंडानं वाईट बोलली नाही. "माजं होतच आलंय."

मावशी परत येऊन सुपापाशी बसल्या. मी निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही, आणि कुणी म्हणावं असं मी काही केलंही नव्हतं.

व्हिडिओ आठ-दहा दिवसांनी बाहेर आला. जुना जितका फिरला तितका हा फिरला नाही. गावात काहींनी म्हटलं, मावशींच्या मुलानं मास्तरला धमकावून बोलायला लावलं असेल. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदाच म्हणाली, "तीन वर्षं माझ्या हातचं जेवत होतास, आणि तेवढं सांगवलं नाही?" संस्थेनं खुलासा मागितला, तो मी दिला. अजून काय ते ठरलेलं नाही. बंगल्याच्या मालकाचा फोन आला, "कशाला उकरून काढलंस? माझ्या धंद्याचं काय?" त्या बाईंच्या नवऱ्याचा नंबर मी त्याच्याकडे मागितला. त्यानं दिला नाही. नवऱ्याचाच एकदा फोन आला. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं, "म्हणजे ती विचारत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. "तिला मी हे कसं सांगू?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

यंदाच्या सप्ताहात मावशींना कुणी बोलावलं नाही. मी त्यांच्या नातीकडून असल्या गोष्टी विचारून घेतो. ते बरोबर नाही हे मला कळतं, पण दुसरा मार्ग नाही. मधल्या सुट्टीत ती एकटी दिसली की मी विचारतो, घरी बरं आहे ना. ती बहुतेक वेळा नुसती मान हलवते.

गेल्या आठवड्यात ती आपण होऊन म्हणाली, "सर, आजीनं परवा कालवण केलं. आई माहेरी गेलती, सांच्याला आली, तवर झालं होतं."

"मग?"

"बाबा जेवले."

"आणि आई?"

"आई काही बोलली नाही." ती जायला निघाली, मग वळून म्हणाली, "मला तिनं निराळं वरण लावलं."